एअरफ्लो २ वरून ३ वर जाताना जॉबची तारीख बदलते आहे : आधी काय दुरुस्त करावे?

प्रश्न : रात्रपाळी_अंधेरी

नमस्कार.

अंधेरीतील एका शेअर दलाली पेढीच्या बॅक ऑफिसचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या गटात मी काम करते. दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की आमचे काम सुरू होते. एक्स्चेंजकडून भावकॉपी (दिवसाच्या भावांचा तक्ता) आणि सौद्यांच्या फाइली उतरवून घेणे, ग्राहकनिहाय देणे-घेणे काढणे, मार्जिनचा हिशेब करणे, कॉन्ट्रॅक्ट नोट (ग्राहकाला दिला जाणारा त्याच्या सौद्यांचा तपशील) तयार करून पाठवणे आणि मध्यरात्रीनंतर दिवसाचा ताळमेळ बंद करणे, हे सगळे जॉब अपाचे एअरफ्लो या वेळापत्रकानुसार कामे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात. सध्या आवृत्ती २.८ आहे, मेटाडेटाचा, म्हणजे एअरफ्लोच्या स्वतःच्या नोंदींचा, डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे आणि प्रत्यक्ष काम करणारे सेलेरीचे वर्कर वेगळ्या मशीनवर आहेत. कॉन्ट्रॅक्ट नोट चोवीस तासांत ग्राहकाला जावीच लागते आणि जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांची सेटलमेंट दुसऱ्याच दिवशी होते. त्यामुळे एका रात्रीचे काम चुकले तर ते निस्तरायला दुसरी रात्र मिळत नाही.

दुसऱ्या मालिकेच्या देखभालीची मुदत एप्रिल २०२६ ही असल्यामुळे आवृत्ती ३ वर जायचे ठरले आहे. चाचणीसाठी मी वेगळ्या सर्व्हरवर नवी आवृत्ती बसवली. रफ या कोड तपासणाऱ्या साधनातील एअरफ्लोसाठीचे नियम चालवून ज्या ज्या ठिकाणी जुने आयात किंवा 'शेड्यूल_इंटर्व्हल' सापडले, ते बदलून घेतले. आता सर्व डॅग (एअरफ्लोमधील जॉबच्या व्याख्या) व्यवस्थित लोड होतात आणि सगळी टास्क (त्यांतील टप्पे) हिरवी दिसतात, पण निकाल तपासल्यावर दोन गोष्टी खटकल्या.

पहिली गोष्ट अशी. संध्याकाळी साडेसातला, सोमवार ते शुक्रवार, एक जॉब आजचा बंद भाव आणि मागील कामकाजाच्या दिवसाचा बंद भाव यांची तुलना करतो. मागील दिवसासाठी त्यात एअरफ्लो पुरवतो ती 'डीएस' ही तारीख वापरली आहे आणि जुन्या आवृत्तीत ती बरोबर मागचाच दिवस देत असे. सोमवारच्या रनला, म्हणजे जॉबच्या त्या दिवशीच्या फेरीला, शुक्रवार मिळत असे. नव्या आवृत्तीत 'डीएस' आजचीच तारीख देते, म्हणून जॉब आजची तुलना आजशीच करतो आणि प्रत्येक शेअरमधील फरक शून्य दाखवतो. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, हे मला सर्वांत भयंकर वाटते.

दुसरी गोष्ट मध्यरात्रीच्या जॉबची आहे. तो मंगळवार ते शनिवार रात्री साडेबाराला चालून आदल्या दिवसाचा ताळमेळ बंद करतो. त्यात 'नेक्स्ट_डीएस' ही पुढच्या रनची तारीख होती, जी आता काढून टाकलेली आहे. त्याऐवजी मी डेटा इंटर्व्हलचा (रन ज्या कालखंडासाठी असतो त्याचा) शेवट घेऊन त्याची भारतीय वेळेतील तारीख काढली, तर मंगळवारच्या सौद्यांवर बुधवारची तारीख पडली. पूर्वी हेच काम 'नेक्स्ट_डीएस' बिनचूक कसे करत होते?

जुनी वागणूक परत आणणारी एक सेटिंग आहे असे वाचले. ती लावून पुढे जावे, की डॅगच दुरुस्त करावेत? शिवाय तारखांपलीकडे आणखी काय बिघडू शकते आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत हे काम कसे बसवावे, याबद्दलही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

उत्तर : फोर्टचा_विदासेवक

नमस्कार ताई. आपल्याला दिसलेल्या दोन्ही गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो, म्हणून एकेक करून लिहितो.

दुसऱ्या मालिकेत क्रॉनची (ठरावीक वेळापत्रकाची) वेळ दिलेला प्रत्येक रन हा एका कालखंडाचा रन मानला जात असे. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा रन सोमवार साडेसात ते मंगळवार साडेसात या कालखंडाचा, आणि त्याची लॉजिकल डेट, म्हणजे पूर्वीची एक्झिक्यूशन डेट, ही त्या कालखंडाची सुरुवात. म्हणून 'डीएस' सोमवार येत असे. तिसऱ्या मालिकेत हे गृहीतक बदलले आहे. आता क्रॉन म्हणजे केवळ रन सुरू करण्याची वेळ. लॉजिकल डेट, कालखंडाची सुरुवात आणि कालखंडाचा शेवट या तिन्ही गोष्टी त्या एकाच क्षणावर येतात. म्हणून मंगळवारच्या रनला 'डीएस' मंगळवारच मिळते. आपल्या तुलनेच्या जॉबमध्ये शून्य फरक आला तो यामुळे.

यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या रनसाठी डेटा इंटर्व्हलचा शेवट, म्हणजे 'डेटा_इंटर्व्हल_एंड', दोन्ही आवृत्त्यांत तोच क्षण देतो. सुरुवात बदलली, लॉजिकल डेट बदलली, 'डीएस' बदलली. शेवट मात्र जागचा हलला नाही. तेव्हा जे डॅग शेवटावर उभे आहेत ते सुरक्षित आहेत. जे 'डीएस' किंवा सुरुवातीवर उभे आहेत ते मुकाट्याने चुकीचे चालतील, आणि रफ किंवा अन्य कोणतेही साधन ते पकडणार नाही, कारण ही नावे नव्या आवृत्तीतही अस्तित्वात आहेत.

मध्यरात्रीच्या जॉबचा प्रश्न निराळा आहे आणि तो आपल्या साडेपाच तासांचा आहे. डॅगला आशिया/कोलकाता हा टाइमझोन दिला असला, तरी तो रन कधी सुटावा एवढ्यापुरताच लागू होतो. टेम्प्लेटमध्ये मिळणारे क्षण यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते) असतात आणि 'डीएस' ही यूटीसीची तारीख असते. बुधवारची रात्री साडेबाराची वेळ म्हणजे यूटीसीचे मंगळवार संध्याकाळचे सात. त्यामुळे जुन्या 'नेक्स्ट_डीएस'ने मंगळवार दिला, तो आदला दिवस मोजून दिला नव्हता, यूटीसीमध्ये अजून मंगळवारच चालू होता म्हणून दिला. आपण तोच क्षण भारतीय वेळेत आणल्यावर खरी तारीख, बुधवार, समोर आली. हाच जॉब कोणी पहाटे सहाला हलवला असता, तर यूटीसीमध्येही बुधवार लागलेला असता आणि जुन्या आवृत्तीतही तो चुकला असता. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधी सुटणारे जेवढे जॉब असतील, तेवढ्यांची यादी वेगळी काढून प्रत्येकाकडे बारकाईने पाहावे, असे मी सुचवेन.

आता सेटिंगबद्दल. 'क्रिएट_क्रॉन_डेटा_इंटर्व्हल्स' हे तिचे नाव. ती २.९ मध्ये आली, दुसऱ्या मालिकेत तिचे मूळ मूल्य 'ट्रू' होते आणि तिसऱ्या मालिकेत ते 'फॉल्स' केले गेले. आवृत्ती ३ मध्ये ती पुन्हा 'ट्रू' केल्यास कालखंडाची जुनी पद्धत परत येते. अडचणीच्या वेळी हा आधार जरूर घ्यावा, पण त्यावर विसंबून राहावे असे मला वाटत नाही. उद्या गटात आलेला नवा सहकारी आवृत्ती ३ चे दस्तऐवज वाचून डॅग लिहील आणि त्याची तारीख एक दिवस मागे जाईल.

माझे ठाम मत असे आहे की आवृत्ती आणि तारखेचा अर्थ या दोन गोष्टी एकाच रात्री बदलू नयेत. आधी २.८ वरून २.११ वर यावे. तो बदल तुलनेने सौम्य आहे आणि तेथे ही सेटिंग उपलब्ध आहे. मग तिथेच, रोजचे काम चालू असताना, सर्व डॅगमधून 'डीएस' हद्दपार करावी आणि तिच्या जागी आपल्या गटाचे एकच सामाईक फंक्शन आणावे. ते शेवटाचा क्षण घेईल, भारतीय वेळेत आणेल आणि कामकाजाचा दिवस सुट्ट्यांच्या तक्त्यावरून ठरवेल. मागील दिवस हवा असेल तर तोही तक्त्यातूनच देईल, क्रॉनच्या अंतरावरून नव्हे. मध्यरात्रीच्या जॉबसाठी 'या क्षणाआधी बंद झालेला शेवटचा बाजारदिवस' असे विचारावे, म्हणजे एक वजा करण्याचा प्रश्नच उरत नाही. सगळे बदलून झाले की २.११ वरच सेटिंग 'फॉल्स' करून पाहावी. निकाल जसेच्या तसे आले, तर आपले डॅग तारखेच्या बाबतीत आवृत्ती ३ साठी तयार आहेत.

तक्त्याचा आग्रह मी धरतो, त्याला कारण आहे. १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थसंकल्पामुळे शनिवारी बाजार उघडा होता आणि २०२३ मधील मुहूर्ताचे सौदे १२ नोव्हेंबरला, म्हणजे रविवारी झाले. सोमवार ते शुक्रवार असा क्रॉन अशा दिवशी सुटतच नाही, मग रन हाताने सुरू करावा लागतो. हाताने सुरू केलेल्या रनमध्ये जुनी पद्धत शेवटचा पूर्ण झालेला कालखंड घेते, त्यामुळे शनिवारी रात्री सुरू केलेल्या रनला शेवटाचा क्षण शुक्रवारचा मिळतो. नवी पद्धत रन सुरू केल्याची वेळ घेते. म्हणजे वर सांगितलेली 'शेवट जागचा हलत नाही' ही हमी हाताच्या रनला लागू नाही. त्यासाठी डॅगला बाजारदिवस हा पॅरामीटर ठेवावा आणि तो दिलेला असेल तर फंक्शनने दुसरे काहीही पाहू नये. पुढे कधी वेळेऐवजी असेट, म्हणजे एखादी डेटाची फाइल किंवा तक्ता, बदलल्यावर सुटणारे डॅग लिहिलेत तर तेथे लॉजिकल डेट मुळीच नसते, तेव्हाही हीच सोय कामी येईल.

उत्तर : ठाणेकर_प्रणाली

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. तारखांपलीकडचे थोडेसे मी जोडतो, विशेषतः वर्कर वेगळ्या मशीनवर आहेत असे आपण लिहिले आहे म्हणून.

तिसऱ्या मालिकेत टास्कचा कोड मेटाडेटाच्या डेटाबेसला थेट हात लावू शकत नाही. वर्कर आता एपीआय सर्व्हरशी बोलतात आणि जे हवे ते त्याच्यामार्फत मिळवतात. टास्कच्या आतून कोणी सेशन उघडून 'डॅग_रन' तक्ता वाचत असेल, तर ते टास्क त्या ओळीवर कोसळेल. असा कोड बहुधा डॅगच्या फाइलीत नसतो; तो कोणीतरी पूर्वी लिहिलेल्या सामाईक मदतनीस फाइलीत दडलेला असतो, म्हणून रफची तपासणी केवळ डॅगच्या फोल्डरवर न चालवता प्लगिन आणि सामाईक लायब्ररीवरही चालवावी. अशा ठिकाणी आरईएसटी एपीआय किंवा एअरफ्लोचा पायथन क्लायंट वापरावा. मात्र एपीआयची जुनी पहिली आवृत्तीही गेली आहे. दुसऱ्या आवृत्तीत आधी टोकन घ्यावे लागते. बाहेरून एअरफ्लोला हाक मारणाऱ्या स्क्रिप्ट असतील तर त्यांचीही यादी करावी.

सेवांची रचनाही बदलली आहे. 'एअरफ्लो वेबसर्व्हर' ही आज्ञा आता नाही, तिच्या जागी 'एअरफ्लो एपीआय-सर्व्हर' आहे. डॅगच्या फाइली वाचणारा डॅग प्रोसेसर आता शेड्युलरच्या (रन सोडणाऱ्या सेवेच्या) पोटात राहिलेला नाही. तो वेगळी सेवा म्हणून सुरू करावा लागतो. तो सुरू केला नाही तर शेड्युलर चालू दिसतो, नवी स्क्रीनही उघडते, पण फाइलीत केलेला कोणताही बदल पोहोचत नाही. या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या फाइली आधीच लिहून ठेवाव्यात.

वर्करच्या मशीनवरून एपीआय सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट खुले आहेत का, हे नेटवर्क विभागाकडून आठवडाभर आधी करून घ्यावे, कारण फायरवॉलची परवानगी शनिवारी मागून मिळत नाही. जेडब्ल्यूटीची (ओळख पटवणाऱ्या टोकनची) गुप्त किल्ली सर्व मशीनवर एकच असायला हवी, नाहीतर प्रत्येक टास्क ओळख न पटल्यामुळे नाकारले जाते. टोकनला मुदत असते, म्हणून मशीनची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीने) जुळलेली आहेत की नाहीत तेही पाहावे.

लॉगिनबद्दल एवढेच, की मूळ रचनेत आता साधा ऑथ मॅनेजर (लॉगिन आणि परवानग्या पाहणारा भाग) येतो, जो चाचणीपुरता ठीक आहे. आपल्याकडे एलडॅप (कंपनीची सामाईक लॉगिन यादी) आणि भूमिकांनुसार परवानग्या असतील, तर एफएबी प्रोव्हायडर हे जोडपॅकेज वेगळे बसवून कॉन्फिगमध्ये तसे सांगावे लागते. बॅश आणि पायथन हे रोजचे ऑपरेटरही आता स्टँडर्ड प्रोव्हायडरच्या पॅकेजमध्ये गेले आहेत. कॉन्फिगमधील जुन्या नावांसाठी 'एअरफ्लो कॉन्फिग लिंट' ही आज्ञा चांगली आहे.

रात्रपाळी_अंधेरी

दोघांचेही मनापासून आभार. साडेपाच तासांचा खुलासा वाचल्यावर मध्यरात्रीच्या जॉबचे कोडे सुटले. पहाटे साडेपाचच्या आधी सुटणारे इतर जॉब आज शोधले, तेव्हा बँकेच्या फाइली उचलणारा एक जॉब त्याच योगायोगावर चालत असल्याचे आढळले. २.११ वर आधी जाण्याचा प्रस्ताव मी वरिष्ठांपुढे ठेवला आणि त्यांना तो पटला आहे.

ठाणेकर सरांनी म्हटल्याप्रमाणे थेट डेटाबेस वाचणारा कोडही सापडला. आदल्या रात्रीचा ताळमेळ पूर्ण झाला नसेल तर पुढचे काम थांबवावे, यासाठी तो लिहिलेला आहे. तो आम्ही आमच्याच हिशेबाच्या डेटाबेसमधील 'दिवस बंद' या नोंदीवरून तपासणार आहोत, कारण ती नोंद असणे हीच खरी अट आहे, एअरफ्लोचा रन हिरवा असणे नव्हे.

आता एक राहिले. कॉन्ट्रॅक्ट नोटचा जॉब रात्री नऊपर्यंत पूर्ण झाला नाही, तर एसएलएच्या (काम ठरलेल्या मुदतीत न झाल्यास इशारा देणाऱ्या) सोयीने आम्हाला मेल येत असे. ती सोयच काढून टाकल्याचे दिसते. तिच्या जागी काय वापरावे?

उत्तर : बोरिवली_लिनक्स

एसएलए आवृत्ती ३ मध्ये नाही, हे खरे आहे. ३.१ मध्ये डेडलाइन अलर्ट नावाची नवी सोय आली आहे आणि ती पाहण्यासारखी आहे. तरीही कॉन्ट्रॅक्ट नोटसारख्या कायद्याच्या मुदतीत बांधलेल्या कामाचा पहारा मी शेड्युलरच्या हाती देणार नाही. शेड्युलरच अडकला तर त्याच्यातील इशाराही त्याच्याबरोबर अडकतो. दुसऱ्या एखाद्या मशीनवर साध्या क्रॉनटॅबमध्ये रात्री नऊला एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी. आजच्या बाजारदिवसाच्या नोटा पाठवल्याची नोंद हिशेबाच्या डेटाबेसमध्ये आहे का, एवढेच तिने पाहावे आणि नसेल तर ड्यूटीवरील माणसाला फोन लागावा. ही स्क्रिप्ट अपग्रेडच्या आधीच सुरू करावी, म्हणजे बदलाच्या आठवड्यात तीच आपल्याला राखेल.

सुट्टीतील कामाबद्दल. आधी काही दिवस दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी चालवून निकालाच्या फाइली एकमेकींशी ताडून पाहाव्यात, यावर मी सर्वाधिक भर देईन. आपला शून्य फरकाचा दोष ज्या प्रकारचा आहे, तो लॉग वाचून कधीच सापडत नाही. दोन फाइली समोरासमोर ठेवल्या की लगेच दिसतो. मात्र येथे एक मोठा धोका आहे. चाचणीसाठी मूळ डेटाबेसची प्रत घेतली, तर तिच्यात सर्व डॅग चालू स्थितीतच असतात, आणि शेड्युलर सुरू होताच ते खरेखुरे कामाला लागतात. ग्राहकांना दुबार कॉन्ट्रॅक्ट नोट जाणे किंवा बँकेला दुबार फाइल जाणे हे परवडणारे नाही. म्हणून प्रतीतील डॅग तक्त्यात 'इज_पॉज्ड' हा रकाना सर्वांसाठी 'ट्रू' केल्याशिवाय शेड्युलर सुरू करू नये, प्रतीतील कनेक्शनमधून मेल सर्व्हर, एक्स्चेंज आणि बँकेचे पत्ते काढून टाकावेत, आणि त्या मशीनला बाहेर जाण्याची वाटच नेटवर्कवर बंद ठेवावी. आवश्यक त्या आवक फाइली मूळ सर्व्हरवरून कॉपी करून द्याव्यात. यांपैकी एकच उपाय करून थांबू नये, तिन्ही करावेत.

मूळ डेटाबेस जुना असेल, तर त्यात वर्षानुवर्षांचे टास्क इन्स्टन्स आणि लॉगच्या नोंदी साचलेल्या असतात आणि स्थलांतराला लागणारा वेळ मुख्यतः त्यांच्यावर अवलंबून असतो. लेखापरीक्षणासाठी हव्या असलेल्या नोंदी बाहेर काढून घेतल्यावर 'एअरफ्लो डीबी क्लीन' चालवावे. ही आज्ञा पुसलेल्या ओळी मूळ रचनेत त्याच डेटाबेसमधील वेगळ्या तक्त्यांत ठेवते, त्यामुळे ते तक्ते नंतर काढून टाकले नाहीत तर जागा मोकळी होत नाही. स्थलांतराची रंगीत तालीम पूर्ण आकाराच्या प्रतीवरच करावी आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. शनिवारचे वेळापत्रक त्या आकड्यावरून ठरेल. पोस्टग्रेसची आवृत्ती नव्या एअरफ्लोला चालणार नाही इतकी जुनी असेल तर ती बदलण्याचे काम याच्याही आधीच्या एखाद्या शनिवारी उरकावे.

शनिवारी सकाळी, शुक्रवारच्या रात्रीचा शेवटचा ताळमेळ बंद झाल्याची खात्री करून, सर्व डॅग थांबवावेत आणि चालू टास्क संपू द्यावीत. मग सेवा बंद करून पूर्ण बॅकअप घ्यावा, तो दुसऱ्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उभा करून पाहावा आणि त्यानंतरच 'एअरफ्लो डीबी मायग्रेट' द्यावे. परतीसाठी 'डाउनग्रेड'ची आज्ञा उपलब्ध आहे, पण मी परतीचा मार्ग बॅकअपवरच ठेवतो : जुने पायथन पर्यावरण तसेच जपून ठेवायचे, जुना डेटाबेस उभा करायचा आणि जुन्या सेवा सुरू करायच्या. परत फिरायचे की नाही, याचा निर्णय रविवारी दुपारी कोणत्या वेळी घ्यायचा आणि कोणी घ्यायचा, हे शुक्रवारीच लेखी ठरलेले असावे.

सर्व्हरजवळ माणूस हवा असेल तर प्रत्यक्ष हजेरीचे काम शनिवारीच संपवावे. रविवारी मेगाब्लॉक असला की कल्याण-डोंबिवलीकडून किंवा पनवेलकडून येणाऱ्या सहकाऱ्याच्या वेळेचा भरवसा देता येत नाही. रविवार घरून तपासणी करण्यासाठी राखावा.

सोमवारी सगळे डॅग एकदम सुरू करू नयेत. आवृत्ती ३ मध्ये 'कॅचअप'चे, म्हणजे चुकलेले रन भरून काढण्याच्या सेटिंगचे, मूळ मूल्य 'फॉल्स' झाले आहे. मधल्या वेळेतील चुकलेले रन आपोआप भरून निघावेत अशी ज्या डॅगकडून अपेक्षा आहे, त्यांच्यात ते स्पष्ट 'ट्रू' लिहिलेले आहे का, हे प्रत्येक फाइलीत पाहावे. आधी केवळ वाचणारे आणि अहवाल देणारे डॅग सुरू करावेत. बाजार सव्वानऊला उघडण्यापूर्वी लागणारे ग्राहकांच्या सौद्यांच्या मर्यादांचे जॉब त्यानंतर घ्यावेत, आणि ग्राहकांना किंवा बँकेला काही पाठवणारे डॅग संध्याकाळी, त्यांच्या पहिल्या रनमध्ये आलेला बाजारदिवस कोणीतरी डोळ्यांनी वाचल्यावर, एकेक करून सुरू करावेत. पाठवणीच्या टास्कच्या आधी त्या एका आठवड्यापुरते मंजुरीसाठी थांबणारे टास्क घालता आले तर फारच चांगले. आणि मध्यरात्रीच्या जॉबच्या पहिल्या रनला, सोमवार संपून मंगळवार लागल्यावर साडेबाराला, आपल्यापैकी कोणीतरी जागे असावे.